शिरूर ते दौंड, क्लच दाबून

रघू गेल्याची बातमी मला फ्लेक्सनं दिली. पुण्याहून आलेली एसटी शिरूरच्या स्टँडात वळली आणि खिडकीतून तो दिसला. बारा फूट उंच, फेटा बांधलेला, हात जोडलेला. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या वयात याला निवडणुकीचं खूळ कुठून लागलं? मग खालच्या कोपऱ्यांत समया दिसल्या आणि त्यांच्यामध्ये 'भावपूर्ण श्रद्धांजली' दिसलं. त्याच्या पाठीमागं त्याची हिरवी मोटार होती, आणि फ्लेक्सवाल्यानं तिला कुठलातरी परदेशी घाट लावून दिला होता, बर्फासकट. वर लिहिलं होतं, 'वाहनविश्वातील तळपता तारा निखळला'. रघू जिवंत असेपर्यंत ती गाडी स्वतःच्या क्लचवर शिरूरहून दौंडपर्यंत कधी जाऊ शकली नाही, आणि रघूला तिच्याकडून दुसरं काही नकोच होतं. मी सीटवर तसाच बसून राहिलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, उतरा, गाडी डेपोत जायचीय."... उतरलो. माझा फोन दोन दिवस बंद होता. तो मी मुद्दाम बंद ठेवला होता. का, ते पुढं लिहितो.

दहाव्यानंतर मंगल कार्यालयात शोकसभा झाली. सहा वक्ते बोलले, त्यांतल्या चौघांना रघूचं आडनाव चिठ्ठीवर बघावं लागलं. रघूला सगळा तालुका आण्णा म्हणायचा. एक माजी सभापती म्हणाले, "आण्णांनी या तालुक्याला वेग दिला." माझ्या शेजारी बसलेला म्हातारा शांतपणे म्हणाला, "ढकलून." आजूबाजूचे दोघंतिघं हसले आणि लगेच डोळे पुसू लागले. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी घशाकडं बोट दाखवून घसा बसल्याची खूण केली. घसा ठणठणीत होता. त्या दिवशी जे बोललो नाही ते इथं लिहितो आहे, आणि ते रघूपेक्षा माझ्याबद्दल जास्त वाईट आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

रघू आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढं मी त्याच शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो आणि तो घोड नदीकाठच्या वडिलार्जित रानात राबला. रानातला मोठा तुकडा कंपनीला गेला तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी पांढऱ्या, उंच, सात माणसांच्या गाड्या घेतल्या. रघू पुण्याला गेला आणि कॅम्पातल्या एका बंगल्याच्या मागच्या शेडमधून इंग्लंडात बनलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची जुनी मोटार घेऊन आला. रेसच्या मैदानात पळावी अशी ती बुटकी, हिरवी गाडी, आमच्या मॅट्रिकच्याही आधीची. आमच्याकडं गाडीची लायकी तिच्यात किती माणसं मावतात यावर ठरते. शेजाऱ्यानं विचारलं, "आण्णा, बाकीच्यांनी कुठं बसायचं?" रघू म्हणाला, "बाकीच्यांनी बघायचं." हे उत्तर त्याला इतकं आवडलं, की पुढची सहा वर्षं तो ते कुणी विचारलं नाही तरी देत असे.

बघणाऱ्यांना बघायला भरपूर मिळालं. त्या गाडीचा क्लच तारेवर नव्हे, तेलावर चालायचा. पायाखालचं पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरातलं तेल बारीक नळीतून खालच्या सिलिंडरात रेटा देतं आणि तो रेटा क्लच सोडवतो. दोन्ही सिलिंडरांत तेल अडवून धरणाऱ्या रबरी टोप्या असतात, बोराएवढ्या. सगळी गाडी त्या टोप्यांवर. वरच्या सिलिंडराला मास्टर म्हणतात, पण आमच्या गॅरेजात त्याचा उच्चार 'मास्तर' असाच होतो. "आण्णा, मास्तर गेला," असं मिस्त्री म्हणायचा तेव्हा रघू माझ्याकडं बघून म्हणायचा, "कुठला? ह्यो तर हितंच बसलाय, चहा पितोय." मिस्त्रीचं नाव गुलाब. न्हावरे रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. बुटका, कमी बोलणारा, कान लावून इंजिन ऐकणारा माणूस. त्या गाडीला हात लावायची हिंमत शिरुरात त्याच्याशिवाय कुणाला नव्हती.

पहिलं नवं किट, म्हणजे सिलिंडर, दांडी आणि टोप्यांचा संच, पुण्याच्या पार्ट-बाजारातून आलं. खोक्यावर इंग्लंडचा झेंडा होता आणि इंग्लंडचं स्पेलिंग चुकलेलं होतं. मी ते दाखवलं तर रघू म्हणाला, "तू काय पेपर तपासतोयस का? रबर बघ." रबर अकरा दिवस टिकलं. गुलाबनं सिलिंडर खोलून आत बोट फिरवलं आणि माझंही फिरवायला लावलं. आतून किसणीसारखा खरखरीत होता, रबराचा भुगा झालेला. दुसरं दिल्लीहून मागवलं. त्याची दांडी अर्धा इंच आखूड, त्यामुळं पेडल अर्ध्यापर्यंत गेलं तरी क्लचला पत्ताच नसायचा. जुन्या गाडीचे पार्ट बनवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की गिऱ्हाईक परत आलं तरी जाणार कुठं. हे सगळं खरं होतं, रघूची चीड खरी होती, आणि पुढं मी स्वतःला जे जे समजावलं त्याला याच खऱ्याचा आधार मिळाला.

मग दौंडचं लग्न आलं. रघूची थोरली बहीण अक्का दौंडला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा रघूला तिनंच न्हाऊ-माखू घातलेलं. तिच्या लग्नात हा तिच्या पदराला धरून मांडवभर रडत फिरला होता, हे आमच्या पिढीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या मुलाच्या वरातीसाठी रघूनं गाडी टेम्पोत घालून दौंडला नेली आणि फुलांनी मढवली. स्टेशनजवळच्या रस्त्यावर, बँड ऐन रंगात असताना, पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. नवरा-नवरी आत, रघू सुकाणूवर, आणि बँडवाले ढोल गळ्यात अडकवून मागून ढकलतायत. अक्काचे यजमान, आमचे दाजी, यांनी बँडवाल्याचा माइक घेतला. "रघूभाऊ, ही मोटार हाय का हातगाडी? वर दोन फण्या केळी तरी ठिवा!" सगळी वरात हसली. अक्काही हसली, पदर तोंडाला लावून. रघू खाली उतरला, फेटा काढून बॉनेटवर ठेवला आणि म्हणाला, "दाजी, आता तुमच्या दारात येईन तर ह्याच गाडीनं, माझ्या पायानं क्लच दाबून. तवर न्हाई." दाजी माइकवरच म्हणाले, "मंग तवर बसा तिकडंच!"

लोक असली बोलणी रोज करतात आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत विसरतात. रघू विसरला नाही. शिरूरहून न्हावरे, भीमेवरचा पूल, चौफुला, पाटस, दौंड. एसटीनं दीड-दोन तास. तेवढा रस्ता पुढची पाच वर्षं त्याला ओलांडता आला नाही.

गाडीबरोबर बंगल्यातून एक पत्र्याची पेटी आली होती, तिच्यात गाडीचं इंग्रजी माहितीपुस्तक होतं. मिस्त्री आणि दुकानदार यांच्यावरचा विश्वास उडाल्यावर रघूनं ते माझ्यापुढं टाकलं. "मास्तर, तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, त्याचा कुणाला उपयोग झाल्याचं आठवत न्हाई. आता एकदा होऊ दे." मी दोन महिने बसून क्लचची सगळी प्रकरणं मराठीत उतरवली. दोनशे पानी वही, सुवाच्य अक्षर, लाल शाईनं शीर्षकं. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो होतो, की शब्दाला शब्द ठेवू नका, वाचणाऱ्याच्या भाषेत बोला. पुस्तकात ठिकठिकाणी 'हायड्रॉलिक फ्लुइड' घाला असं होतं. 'द्रव' लिहिलं असतं तर गॅरेजात हसले असते. म्हणून मी लोकांच्या तोंडी असलेला शब्द लिहिला. 'हायड्रॉलिक ऑइल'.

आमच्या भागात हायड्रॉलिक ऑइल म्हणजे काय, हे ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्या प्रत्येकाला कळतं. ट्रॉली उचलायला जे लागतं ते. रघूच्या शेडमध्ये त्याचा वीस लिटरचा डबा कायम असायचा. क्लचमध्ये जे पडतं ते वेगळं. त्याला मिस्त्री लोक 'ब्रेक ऑइल' म्हणतात, आणि नावात ऑइल असलं तरी ते तेल नसतं. खरं तेल आत गेलं की त्या रबरी टोप्या भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या फुगतात. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा गुन्हा नाही. त्यानंतर मी जे केलं तो आहे.

कारण गुलाबला ठाऊक होतं. एका ओळखीच्या माणसाबरोबर थेट इंग्लंडहून आलेलं, पहिलं खरोखर चांगलं किट त्यानं बसवलं, ब्रेक ऑइल भरलं, आणि गाडी अशी चालू लागली की रघूनं बाजारपेठेतून तीन फेऱ्या मारल्या. मग घरी येऊन त्यानं वही वाचली, गुलाबनं चुकीचं तेल घातलं असा निष्कर्ष काढला, ते सगळं उपसलं आणि डब्यातलं भरलं. वीस दिवसांत क्लच अडकला. गुलाबनं टोपी बाहेर काढली, तळहातावर धरली. "आण्णा, ह्यात ट्रॅक्टरचं तेल गेलंय. रबर बगा कसं फुगलंय. ह्यात ब्रेक ऑइल पडतं."

"ब्रेकचं ऑइल क्लचला?" रघू म्हणाला. "उद्या चहात मीठ घालशील."

"मी तीस वरीस त्येच घालतोय."

"तीस वरीस चुकतोयस मंग. मास्तर, तू सांग. पुस्तकात काय हाय?"

गुलाबनं माझ्याकडं पाहिलं. "सर, एकदा नीट बगता का?" मी चष्मा लावला. पुस्तक नाही, माझीच वही उघडली, आणि माझंच अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं. वर म्हणालो, "गुलाब, हे ज्यांनी गाडी बनवली त्यांनी लिहिलंय." त्यानं मान डोलावली. "सरांनी लिवलंय म्हंजी असंल," असं म्हणून त्यानं हात पुसले. पुढच्या आठवडे बाजारात रघूनं ती फुगलेली टोपी भर चौकात लोकांपुढं टाकली. "हे बगा गुलाबचं ओरिजिनल! आत डुप्लिकेट घालतो आन् वर मलाच तेल शिकवतो." रघूचा शब्द तालुक्यात चालायचा. दोन हंगामांत गुलाबच्या गॅरेजसमोर उभी राहणारी वाहनं संपली. त्यानं पत्रे विकले आणि शिक्रापूरला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. हे मला वेळच्या वेळी कळत होतं. मी हळहळलो. हळहळायला काही लागत नाही.

त्यानंतर रघू स्वतःच किट बसवू लागला, वही समोर उघडी ठेवून. खंडेनवमीला गाडीबरोबर त्या वहीलाही हळदकुंकू वाहायचा. किटं येत राहिली, टोप्या फुगत राहिल्या. पहिल्यांदा तो न्हावऱ्यापर्यंत गेला. दुसऱ्यांदा भीमेच्या पुलावर बंद पडला, मागं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि एकजण ओरडला, "आबा, नदीत ढकला तिला!" तिसऱ्या खेपेचं लिहायला हात चालत नाही... दाजी गेले. सकाळी फोन आला. मी म्हणालो, एसटीनं चल, मी येतो बरोबर. रघूनं गाडी काढली. "ज्याला बोललो त्याच्या दारात निदान ह्या वक्ताला तरी जातो." चौफुल्याला वळणावर क्लच गेला. समोरून दौंडच्या गाड्या जात होत्या; कुणालाही हात केला असता तर तासाभरात पोचला असता. तो तीन तास बॉनेट उघडून उभा राहिला आणि टेम्पोत गाडी घालून माघारी आला. दाजींना त्याच्याशिवाय पोचवलं. ज्याच्यासाठी पैज होती तो माणूस संपला तरी पैज तशीच राहिली. अक्का फोनवर मला म्हणाली, "सर, मी तवा हसले म्हणून त्यो येत न्हाई. त्याला म्हणावं, मी हात जोडते." मी निरोप दिला. रघू बराच वेळ टोपी पुसत बसला आणि म्हणाला, "तिला म्हणावं, पार्टच चांगलं मिळंनात."

मला खरं कळलं ते त्याच्या मृत्यूच्या वर्षभर आधी. त्याच्या शेडमध्ये वाट बघत बसलो होतो, करायला काही नव्हतं, म्हणून गाडीच्या उघड्या बॉनेटखाली क्लचच्या तेलाच्या डबीवरचं काळं झालेलं झाकण रुमालानं पुसलं. मळाखाली उठावाची इंग्रजी अक्षरं होती. फक्त ब्रेक आणि क्लचचा फ्लुइड वापरा, असं त्यांनी झाकणावरच कोरून ठेवलं होतं. त्या गाडीवर तेवढी एकच ओळ वाचायची होती आणि त्या शेडमध्ये बसणाऱ्यांत ती वाचू शकणारा मी एक होतो. घरी आलो. दोन वाट्या घेतल्या, एकीत डब्यातलं तेल, दुसरीत ब्रेक ऑइल, आणि दोन्हींत रघूच्या शेडमधली एकेक नवी टोपी टाकून माडीवर झाकून ठेवल्या. बायकोनं विचारलं, "हे कसलं लोणचं?" आठव्या दिवशी पहिल्या वाटीतली टोपी दुसरीच्या दीडपट झाली होती.

मी त्या वाट्या घासून ठेवल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. माझ्याकडं कारणं होती. गुलाब गेलेलाच होता. दाजी गेलेलेच होते. पार्ट तर खरोखरच वाईट येतात. रघूचं हृदय नाजूक, त्याला धक्का बसेल. एकाहून एक भारदस्त कारणं. शोकसभेत शोभली असती. खरं कारण असं, की त्या वहीवरचं हळदकुंकू मला आवडू लागलं होतं. तेहतीस वर्षांत माझ्या कुठल्या लिखाणाला कुणी हळदकुंकू वाहिलं नव्हतं. आणि आणखी एक, जे लिहायला जास्त वाईट वाटतं. गाडी चालली असती तर तो उठल्यासुटल्या दौंडला गेला असता. ती बिघडलेली होती म्हणून रोज संध्याकाळी मला त्याच्या शेडमध्ये खुर्ची होती.

या फेब्रुवारीत अक्का न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. रघूनं नवं किट आदल्याच आठवड्यात बसवलं होतं. मला म्हणाला, "मास्तर, परवा निघू. तू शेजारी बस." मी म्हणालो, "रघू, एसटीनं जाऊ. म्हातारी अंथरुणावर आहे, ती काय गाडी बघणारय?" तो म्हणाला, "तिला न्हाई रे दाखवायची. मला पोचायचंय." तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. एक वाक्य होतं. तेल उपसून वाटीभर ब्रेक ऑइल आणि नव्या टोप्या घालायला अर्धा दिवस लागला असता. मी म्हणालो, मुलीकडं पुण्याला जावं लागतंय. तिनं बोलावलेलं नव्हतं. गाडी अडणार हे मला माहीत होतं आणि अडल्यावर तो मला फोन करणार हेही. म्हणून फोन बंद केला. न्हावऱ्याच्या पुढं एका स्पीडब्रेकरवर पेडल खाली अडकलं. दुपारचं ऊन. त्यानं एकट्यानं गाडी बाजूला ढकलली, मैलाच्या दगडावर बसला आणि तिथंच कलंडला. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला उचललं. तो सांगत होता, "आबा शुद्धीवर व्हते तवर एकच इचारत व्हते, रस्ता मोकळा झाला का म्हणून."

महिन्याभरानं मी शिक्रापूरला गेलो. गुलाब दोन यूपीच्या कामगारांबरोबर एका खोलीत राहतो. मी त्याला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणालो. ते त्याच्या लक्षात आलं आणि आवडलं नाही. मी सगळं सांगितलं. तो गणवेशाचा पट्टा भिंतीला अडकवत ऐकत होता.

"सर, रबर फुगलेलं मिस्त्रीला कळतं," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी इंग्रजी लागत न्हाई."

"मग तेव्हा तुम्ही जोर लावून का नाही..."

"इचारलं की तुम्हाला. तुम्ही चष्मा लावून सांगितलं."

मी म्हणालो, गाडी एकदा नीट करून दौंडला न्यायची आहे, अक्काच्या दारापर्यंत. त्यानं गणवेशाची घडी घालून ठेवली. मग म्हणाला, "करतो. तुमच्यासाठी न्हाई, आण्णांसाठीबी न्हाई. त्या गाडीनं काय पाप केलंय? पर दौंडला तुम्ही बोलायचं. आधी माझं, मंग त्येंचं."

रघूच्या बायकोनं किल्ली दिली. "न्या. मला ती दारात नको." गुलाब सुट्टीच्या दिवशी आला. नळी धुतली, दोन्ही सिलिंडर धुतले, रघूनं आणून ठेवलेल्यांतल्याच दोन टोप्या बसवल्या. सगळ्या चांगल्या होत्या. ब्रेक ऑइलची छोटी बाटली त्यानं स्टँडसमोरच्या साध्या दुकानातून आणली. नळीतली हवा काढायला मला सीटवर बसवलं आणि स्वतः खाली शिरला. "दाबा. धरा. आता सोडा... सोडा म्हटल्याबिगर सोडू नका म्हटलं ना! साळा शिकवली का काय केलं?" चहाच्या वेळेपर्यंत काम संपलं.

आम्ही निघालो. न्हावरे गेलं. पूल गेला. चौफुल्याला सिग्नलला थांबून गुलाबनं गिअर टाकला तो लोण्यातून सुरी जावी तसा पडला. पाटस गेलं. मला मनातून वाटत होतं, की कुठंतरी बंद पडावी. एकदा तरी. पार्टच खराब होते असं निघावं. ती पडली नाही. पावणेदोन तासांत आम्ही दौंडला अक्काच्या दारात उभे होतो, आणि गुलाबनं हॉर्न वाजवला.

अक्का वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आली. मोडलेलं हाड जुळत होतं, म्हणून भावाच्या मातीलाही तिला जाता आलं नव्हतं. तिनं गाडी पाहिली, मग सुकाणूवर बसलेल्या माणसाला पाहिलं. "ह्यो कोण?"

"गुलाब मिस्त्री," मी म्हणालो.

"डुप्लिकेटवाला?"

गुलाब खाली मान घालून बसला होता. मी बोललो. ठरल्याप्रमाणं आधी त्याचं: यानं कधीच डुप्लिकेट घातलं नाही, हा म्हणत होता तेच बरोबर होतं. मग वही, मग तो शब्द, मग झाकण, वाट्या, पुणे, फोन. वाटलं होतं त्यापेक्षा फार थोड्या वेळात संपलं. अक्का म्हणाली, "म्हंजी तुम्हाला ठावं हुतं. कवापास्नं?"

"वर्ष झालं."

तिनं परत माझ्याकडं पाहिलं नाही. वॉकर पुढं टाकत टाकत गाडीपर्यंत आली, दारावर हात ठेवून आत वाकली आणि गुलाबच्या पायाकडं पाहू लागली. "हेच का ते, दाबायचं?"

"व्हय, अक्का. डावं."

"तिथनं हितवर किती बारी दाबावं लागतं?"

गुलाबनं विचार केला. "दोनशे बारी तरी. गर्दी आसंल तर जास्ती."

"दाब."

त्यानं दाबलं. पेडल खाली गेलं, वर आलं. काही आवाज झाला नाही.

"परत."

त्यानं परत दाबलं. गल्लीतली दोन माणसं थांबून बघू लागली. अक्का काही मोजत नव्हती. तिचे डोळे फक्त त्या पेडलावर होते, खाली गेलं की खाली, वर आलं की वर. पंधरावीस वेळा झाल्यावर गुलाबनं पाय उचलून धरला आणि माझ्याकडं पाहिलं.

"त्येंच्याकडं काय बगतुस?" अक्का म्हणाली. "मी म्हणले का बास? दाब."